धुणं धुणाऱ्या बाईच्या मुलीने बँक काढली आणि पत नसलेल्या बायकांना पत मिळाली

तारीख २ नोव्हेंबर १९०३. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत बँकेचं उद्घाटन होतं. आत येणारे लोक होते मोलकरणी, स्वयंपाकिणी, तंबाखूच्या कारखान्यात पानांचे देठ काढणाऱ्या बायका, हमाल, शाळामास्तर. कुणी शंभरावर डॉलर आणले होते, कुणी चार-दोन. एका खातेदाराने तर फक्त ३१ सेंट भरून खातं उघडलं.

दिवस संपला तेव्हा २८० जणांनी पैसे ठेवले होते. ठेवी आणि शेअर्स मिळून आकडा ९ हजार डॉलरच्या वर गेला होता.

बँकेचं नाव सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक. पेनी म्हणजे एक सेंट, आपल्याकडचा पैसा म्हणा. नावातच सांगून टाकलं होतं की इथे चिल्लर घ्यायला कुणी नाक मुरडणार नाही. आणि या बँकेच्या अध्यक्ष होत्या मॅगी लीना वॉकर. कृष्णवर्णीय, बाई आणि त्यातही एका कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी.

सोशल मीडियावर त्यांचा फोटो फिरतो तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं, अमेरिकेतली पहिली महिला बँक अध्यक्ष. ते पूर्ण बरोबर नाही. त्यांच्या आधी काही गोऱ्या बायका बँकांच्या प्रमुख झाल्या होत्या. मॅगी वॉकर या सनद मिळवून स्वतः बँक उभी करणाऱ्या आणि तिच्या अध्यक्ष होणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला. पण पहिली कोण हा मुद्दा तसा दुय्यमच आहे. ज्या बाईकडे तारण नाही, नावावर घर नाही, मतदानाचा हक्क नाही, तिने धंद्यासाठी पैसा आणायचा कुठून? या प्रश्नावर त्यांनी काय केलं, ती गोष्ट जास्त मोठी आहे.

टोपली डोक्यावर

मॅगी स्वतःचं जन्मवर्ष १८६७ सांगायच्या. आता अभ्यासक ते १८६४ मानतात. म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून संपलं नव्हतं आणि रिचमंड ही गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांची राजधानी होती.

आई एलिझाबेथ ड्रेपर आधी गुलामगिरीत होती. ती एलिझाबेथ व्हॅन ल्यू या श्रीमंत गोऱ्या बाईच्या हवेलीत स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून कामाला होती. ही व्हॅन ल्यू बाई पण भारी प्रकरण. राहायची दक्षिणेच्या राजधानीत आणि हेरगिरी करायची उत्तरेच्या सैन्यासाठी. मॅगीचे जन्मदाते वडील एकल्स कथबर्ट, आयर्लंडमध्ये जन्मलेले गोरे गृहस्थ. त्यांचं आणि आईचं लग्न होणं शक्यच नव्हतं, कारण गोऱ्या आणि काळ्या माणसांचं लग्न व्हर्जिनियात बेकायदा होतं. तो कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडावं लागलं.

पुढे आईने त्याच हवेलीतल्या विल्यम मिचेल या बटलरशी लग्न केलं. मिचेल यांना शहरातल्या एका हॉटेलात मुख्य वेटरची नोकरी लागली. कुटुंब गल्लीतल्या छोट्या घरात राहायला गेलं, मॅगीला भाऊ झाला, जरा बरे दिवस आले. आणि १८७६ मध्ये एक दिवस मिचेल घरी परतलेच नाहीत. काही दिवसांनी जेम्स नदीत त्यांचा मृतदेह सापडला. सरकारी नोंद झाली आत्महत्या. बायकोचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, नवऱ्याचा खून झालाय. तपास वगैरे काही झाला नाही.

आता घरात दोन पोरं आणि कमावणारं कुणी नाही. आईने गोऱ्या कुटुंबांचे कपडे धुवायला आणायला सुरुवात केली.

मॅगी वॉकर पुढे जे बोलल्या आणि जे वागल्या, त्याची मुळं या धंद्यात आहेत. त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीय बाईला स्वतःच्या घरात बसून करता येण्यासारखं काम म्हणजे धुणं. मालकिणीच्या नजरेखाली राहावं लागत नाही, पोरं डोळ्यांसमोर राहतात. पण कष्ट जीव काढणारे. पाणी वाहून आणायचं, मोठ्या भांड्यात कपडे उकळायचे, घासायचे, नीळ घालायची, खळ करायची, वाळवायचे आणि मग चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने एकेक कपडा सरळ करायचा. आठवडाभर हेच. पैसे मिळणार कपडे पोचवल्यावर, तेही मालकीण देईल तेव्हा.

आणि या धंद्यालाही भांडवल लागतंच. टब लागतो, साबण लागतो, खळ लागते, सरपण लागतं, दोन-तीन इस्त्र्या लागतात. पैसे हातात असतील तर साबण खोक्याने घेता येतो, स्वस्त पडतो. नसतील तर रोज वडी वडी घ्यायची, महाग. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

मॅगी शाळेतून आली की धाकट्या भावाला सांभाळायची आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची. एकीकडे डोक्यावर टोपली, दुसरीकडे अभ्यास. आणि अभ्यासात पोरगी हुशार निघाली.

१८८३ मध्ये ती कृष्णवर्णीय मुलांच्या नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेतून पास झाली. त्या वर्षी एक राडा झाला. गोऱ्या विद्यार्थ्यांचा पदवी समारंभ थिएटरमध्ये व्हायचा आणि काळ्या विद्यार्थ्यांचा चर्चमध्ये. मॅगीच्या वर्गाने सांगितलं, आमचे आईबाप पण टॅक्स भरतात, आम्हाला पण थिएटर पाहिजे. शेवटी तडजोड होऊन कार्यक्रम शाळेच्याच सभागृहात झाला.

मॅगी शिक्षिका झाली. तीन वर्षं शिकवलं. १८८६ मध्ये बांधकामाच्या धंद्यातल्या आर्मस्टेड वॉकर यांच्याशी लग्न झालं आणि नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने शाळेत शिकवायचं नाही, असा नियमच होता.

तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट

नोकरी गेली तरी एक गोष्ट सुटली नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी मॅगी एका संघटनेची सदस्य झाली होती, इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक. नाव चर्चसारखं वाटत असलं तरी ही परस्पर मदत करणारी संघटना होती. आपल्याकडची भिशी आणि विमा एकत्र केला तर जे होईल, साधारण तसं. दर महिन्याला ठरलेली वर्गणी भरायची. आजारी पडलात तर थोडे पैसे मिळणार, गेलात तर अंत्यविधीचा खर्च मिळणार. विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हत्या किंवा जास्त हप्ता लावायच्या, त्या काळात अशा संघटना गल्लोगल्ली होत्या. ही संघटना १८६७ मध्ये बाल्टिमोरला मेरी प्राउट यांनी सुरू केली ती मुळात बायकांसाठीच. पुरुष नंतर आले आणि नेहमीप्रमाणे वरच्या खुर्च्यांवर बसले.

मॅगी खालून वर चढत गेल्या. १८९५ मध्ये त्यांनी मुलांसाठी वेगळी शाखा काढायची कल्पना मांडली आणि ती चालली. पण १८९९ पर्यंत मूळ संघटना डबघाईला आली होती. तोवर सचिव असलेल्या विल्यम फॉरेस्टर यांनी पद सोडलं. तिजोरीत शिल्लक ३१ डॉलर ६१ सेंट. देणं ४०० डॉलर. सदस्य हजाराच्या आसपास.

हे पद मॅगींनी घेतलं. पगार आधीच्या सचिवाच्या एक तृतीयांश. म्हणजे बुडती बोट, वर पगारकपात. अशी ऑफर आज कुणाला आली तर तो मुलाखतीलाही जाणार नाही.

मॅगी गावोगावी फिरल्या. जुने सदस्य परत आणले, नवे जोडले, हिशेब लावले. त्यांचं बोलणं लोकांना धरून ठेवायचं. दोन वर्षांत संघटना पायावर उभी राहिली आणि १९०१ च्या वार्षिक अधिवेशनात त्यांनी पुढचा आराखडा मांडला. आपलं वर्तमानपत्र हवं, आपलं दुकान हवं, बायकांना काम देणारा कारखाना हवा आणि आपली बँक हवी.

यातली बँक ऐकून लोकांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. कारण आधीचा अनुभव. गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये अमेरिकन संसदेने मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली होती. लोकांना वाटलं, सरकारचीच बँक, पैसा कुठे जातोय. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली मजुरी त्यांनी तिथे ठेवली. संचालकांनी तो पैसा धोक्याच्या कर्जांत घातला आणि १८७४ मध्ये बँक बुडाली. हजारो कुटुंबांची आयुष्याची पुंजी गेली. काहींना थोडेफार पैसे परत मिळाले, तेही वर्षानुवर्षं हेलपाटे मारून. अशा लोकांना पुन्हा पैसे काउंटरवर ठेवायला सांगायचं होतं.

मॅगींचं गणित साधं होतं. रिचमंडमधली कृष्णवर्णीय बाई कमावते. थोडं कमावते, पण कमावते. ती कमाई जाते गोऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यात आणि उरलेली गोऱ्या बँकेत. त्या बँकेत तिची ठेव चालते, पण तिला कर्ज लागलं की दार बंद. मग ती जाते गहाणवट दुकानात नाहीतर सावकाराकडे. म्हणजे तिच्याच पैशावर दुसरा कर्ज घेऊन धंदा करतो आणि ती मात्र व्याज भरत बसते. हाच पैसा एका जागी जमा झाला आणि आपल्याच माणसांना कर्जाऊ मिळाला, तर व्याजही घरातच राहील.

१९०२ मध्ये सेंट ल्यूक हेरल्ड हे वर्तमानपत्र सुरू झालं. बँकेचं काम शिकायला मॅगी रिचमंडच्या मर्चंट्स नॅशनल बँकेत जाऊन बसायला लागल्या. तिथे पुस्तकं कशी लिहितात, व्यवहार कसे होतात, हे बघून घेतलं. आणि १९०३ मध्ये दार उघडलं.

वेळ बघा काय होती. १९०२ मध्येच व्हर्जिनियाचं नवं संविधान आलं होतं आणि त्यात मतदानासाठी कर आणि समज तपासणारी परीक्षा अशा अटी घालून बहुतेक कृष्णवर्णीय पुरुषांचा मताचा हक्क काढून घेतला होता. बायकांना तर तो नव्हताच. राजकारणाचं दार बंद होत होतं, तेव्हा हे लोक बँकेचं दार उघडत होते.

तारण काय, तर ओळख

बँक म्हटलं की तारण आलं. आजही पहिल्यांदा धंदा सुरू करणाऱ्या बाईला बँकेत हाच प्रश्न येतो, नावावर काय आहे? रिचमंडच्या धुणेवालीच्या नावावर टब आणि इस्त्री.

सेंट ल्यूक बँकेकडे मात्र एक माहिती होती जी गोऱ्या बँकेच्या मॅनेजरकडे असणं शक्य नव्हतं. संघटनेच्या शाखा वस्तीवस्तीत होत्या. कोणती बाई वर्षानुवर्षं वर्गणी वेळेवर भरते, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा नवरा पगार उडवतो, कोण कष्टाळू आहे, हे शाखेतल्या बायकांना तोंडपाठ असायचं. बँकेने नेहमीची कागदपत्रं बघितलीच, पण जोडीला ही माहितीही वापरली. ज्यांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं, अशांना छोटी कर्जं मिळायला लागली. आज बचत गटात जे चालतं, त्याच्या जवळ जाणारं हे तंत्र.

मोठा हिस्सा घरांसाठीच्या कर्जाचा होता. हे ऐकून वाटेल, घराचा धंद्याशी काय संबंध? संबंध थेट आहे. धुणं, शिवण, खानावळ, भाड्याने खोली देणं, हे सगळे धंदे घरातून चालायचे. भाड्याच्या घरातून मालकाने कधीही काढलं की धंदाही रस्त्यावर. घर नावावर झालं की जागा पक्की आणि पुढच्या कर्जाला तारणही तयार. १९२० पर्यंत बँकेच्या मदतीने सहाशेच्या वर कुटुंबांनी घरं घेतली होती.

मुलांकडेही मॅगींचं लक्ष होतं. त्यांना पुठ्ठ्याच्या छोट्या बचतपेट्या दिल्या जायच्या. चिल्लर टाकत राहायची आणि एक डॉलर झाला की बँकेत येऊन खातं उघडायचं. एक पाय नसलेला बूटपॉलिशवाला पोरगा असाच पैसे साठवत राहिला, बँकेने त्याला छोटी जागा भाड्याने घ्यायला मदत केली आणि पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं, हा किस्सा मॅगी सांगायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकऱ्या. त्या काळी रिचमंडमधल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलीला शिक्षिका होता यायचं, नाहीतर मोलकरीण. ऑफिसातलं टेबल-खुर्चीचं काम गोऱ्यांसाठी. सेंट ल्यूकच्या ऑफिसात, छापखान्यात, बँकेत मुली टायपिंग करायला लागल्या, हिशेब लिहायला लागल्या. संचालक मंडळातही बायका होत्या. पगारदार बाई म्हणजे ठेवीदार बाई, हे बँकवाल्या बाईला वेगळं सांगायची गरज नव्हती.

जे दुकान चाललं नाही

मॅगी वॉकर यांच्यावरच्या बऱ्याच पोस्टमध्ये हा भाग गाळलेला असतो. पण बायकांच्या धंद्याबद्दल बोलायचं तर हा भाग गाळून चालणार नाही.

१९०५ मध्ये सेंट ल्यूक एम्पोरियम सुरू झालं. रिचमंडच्या मुख्य बाजारपेठेत, ब्रॉड स्ट्रीटवर, कपडे आणि घरगुती वस्तूंचं मोठं दुकान. चालवणाऱ्या कृष्णवर्णीय बायका, काउंटरवर कृष्णवर्णीय मुली. बाजारातल्या इतर दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाईक चालायचं, पण अपमान फुकट मिळायचा. इथे मान मिळणार होता आणि पैसाही आपल्यात राहणार होता.

गोऱ्या दुकानदारांनी आधी जागा जादा पैसे देऊन परत विकत घ्यायचा प्रयत्न केला. मॅगींनी नकार दिला. मग दुकानदारांनी एकजूट केली आणि घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणला की या दुकानाला माल द्यायचा नाही. माल बाहेरून, लांबून आणावा लागला की तो महाग पडणार. महाग पडला की गिऱ्हाईक कमी.

पण फक्त गोऱ्यांना दोष देऊन हा हिशेब पुरा होत नाही. ज्यांच्यासाठी दुकान काढलं, ते लोकही पुरेशा संख्येने आले नाहीत. शेजारच्या दुकानात दोन पैसे स्वस्त मिळतंय, तिथे उधारीचं खातं आहे, मग तिकडेच पाय वळतात. मॅगींनी भाषणांतून लोकांना, विशेषतः पुरुषांना, चांगलंच सुनावलं. आपल्या बायकांना उभं राहायला मदत करायची नाही आणि मग आपला समाज मागे का म्हणून रडायचं, असा त्यांचा रोख होता. पण भाषणाने गल्ला भरत नाही. काही वर्षं तोटा सोसून एम्पोरियम १९१२ च्या सुरुवातीला बंद झालं.

दुकानात संघटनेचा पैसा गुंतला होता आणि बायकांच्या नोकऱ्याही. मॅगींच्या सगळ्या कामातला हा सर्वात मोठा फटका म्हणायला हरकत नाही. भांडवल जमवलं, जागा मिळाली, माणसं मिळाली, तरी पुरवठा करणारा बाजार दुसऱ्याच्या हातात असेल तर काय होतं, ते इथे दिसलं.

याच सुमारास बँकेवरही संकट आलं. रिचमंडमध्येच ट्रू रिफॉर्मर्स नावाच्या मोठ्या कृष्णवर्णीय संघटनेची बँक होती. ती १९१० मध्ये कोसळली. व्हर्जिनिया सरकारने बँकांची तपासणी कडक केली आणि संघटना आणि बँक वेगळ्या करायला लावल्या. सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक १९११ पासून सेंट ल्यूक बँक अँड ट्रस्ट कंपनी झाली. तपासणी झाली, बँक टिकली. त्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या कितीतरी बँका टिकल्या नाहीत, हे लक्षात घेतलं तर टिकली या एका शब्दामागे किती रात्री हिशेबाच्या वह्या उघड्या राहिल्या असतील, याचा अंदाज येतो.

पैशाची ताकद काय असते हे शहराने १९०४ मध्येही बघितलं होतं. ट्राममध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचं ठरलं, तेव्हा मॅगी वॉकर आणि रिचमंड प्लॅनेट या वर्तमानपत्राचे संपादक जॉन मिचेल यांनी बहिष्काराला जोर लावला. लोक महिनोन्‌महिने पायी चालले. आधीच अडचणीत असलेल्या ट्राम कंपनीचं दिवाळं निघालं. अर्थात १९०६ मध्ये राज्याने कायदा करून वेगळं बसवणं सक्तीचं केलंच.

घरातली गोळी

बाहेर मॅगी वॉकर हे नाव झालं होतं. जॅक्सन वॉर्ड या भागात, ईस्ट ली स्ट्रीटवर मोठं घर होतं. मुलं, सुना, नातवंडं, आई, दत्तक मुलगी पॉली असं भरलेलं कुटुंब. एक मुलगा तान्हेपणीच गेला होता. १९०७ मध्ये पडून गुडघ्याला जबर मार बसला, तो कधी पूर्ण बरा झाला नाही.

जून १९१५ मध्ये त्या घरात गोळी सुटली. परिसरात चोर फिरतोय अशी भीती होती. मोठा मुलगा रसेल याने अंधारात दिसलेल्या माणसावर चोर समजून गोळी झाडली. तो माणूस म्हणजे त्याचे वडील होते. आर्मस्टेड वॉकर गेले.

रसेलवर खुनाचा खटला चालला. शहरभर कुजबुज, वर्तमानपत्रांत रकाने. नोव्हेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. पण तोपर्यंत संघटनेतल्या एका गटाला संधी दिसली होती. असल्या घरातली बाई आपल्या प्रमुखपदी नको, अशी चर्चा सुरू झाली. पन्नाशी गाठलेली विधवा, मुलगा आरोपी, पाय अधू. मॅगी अधिवेशनासमोर उभ्या राहिल्या आणि पद राखलं. रसेल मात्र त्या रात्रीतून बाहेर आला नाही. दारू आणि नैराश्य यांत खचत तो १९२३ मध्ये गेला. त्याच्या आधीच्या वर्षी मॅगींची आईही गेली होती.

आणि आश्चर्य वाटेल, पण संघटनेची सर्वात मोठी वाढ याच वर्षांतली आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सेंट ल्यूकचे सदस्य ५० हजारांच्या घरात गेले. १९२१ मध्ये मॅगी वॉकर राज्याच्या शिक्षणप्रमुख पदासाठी निवडणुकीलाही उभ्या राहिल्या. हरल्या, आणि हरणार हे माहीतच होतं. बायकांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

मधुमेहाने पाय पुरते गेले. १९२८ पासून त्या व्हीलचेअरवर होत्या. घरात लिफ्ट बसवून घेतली, गाडीत खुर्ची चढेल असा बदल करून घेतला आणि ऑफिसला जाणं चालू ठेवलं.

मग १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. देशभर हजारो बँका बुडाल्या. बँकेवरचा विश्वास उडाला की लोक रांगा लावून पैसे काढतात आणि चांगली बँकही मरते. मॅगींनी यावर आधीच विलीनीकरणाचा मार्ग धरला होता. १९३० च्या सुरुवातीला सेंट ल्यूक आणि सेकंड स्ट्रीट सेव्हिंग्ज बँक एकत्र येऊन कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट कंपनी झाली. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांची तिसरी बँकही त्यात आली. मॅगी नव्या बँकेच्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. स्वतःच्या बँकेचं नाव गेलं, पण ठेवीदारांचे पैसे वाचले. संस्थेपेक्षा आपली पाटी मोठी मानणाऱ्यांनी या निर्णयाकडे जरा बघायला हवं.

१५ डिसेंबर १९३४ ला मधुमेहाच्या गुंतागुंतीने त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला हजारो लोक आले.

पुढे काय झालं?

बायकांच्या कर्जाचा प्रश्न मात्र सुटायला फार वेळ लागला, आणि तो फक्त कृष्णवर्णीयांचा नव्हता. अमेरिकेत १९७४ पर्यंत कुठलीही बँक बाईला सरळ सांगू शकायची की नवऱ्याची सही आणा. त्या वर्षी आलेल्या समान पत संधी कायद्याने कर्ज देताना बाई-पुरुष असा भेद करायला बंदी घातली. तरीही काही राज्यांत धंद्याच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही मागता येत होती. ती अट १९८८ च्या महिला व्यवसाय मालकी कायद्याने गेली. मॅगी वॉकर यांच्या बँकेने बायकांना कर्ज द्यायला सुरुवात केली, त्यानंतर ८५ वर्षांनी.

कन्सॉलिडेटेड बँक एकविसाव्या शतकापर्यंत चालली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी सलग चालवलेली सर्वात जुनी बँक म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. २००५ मध्ये ती अडचणीत येऊन दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि काही वर्षांनी ते नावही संपलं.

ईस्ट ली स्ट्रीटवरचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. सामान बरंचसं मूळचं आहे, लिफ्टही आहे. २०१७ मध्ये, त्यांच्या वाढदिवशी १५ जुलैला, रिचमंडमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. जागा ब्रॉड स्ट्रीटवरची. त्याच रस्त्यावर, जिथे एम्पोरियम चालू शकलं नव्हतं.